लहान कुत्र्याचे दात काढल्यानंतरची काळजी

पहिल्या रात्री त्याला उबेत ठेवा. लहान अंगाची उष्णता भुलीनंतर लवकर कमी होते. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडं पाणी, मग नेहमीच्या निम्मं मऊ अन्न द्या. थोडी उलटी झाली तर काही तास थांबा.

पुढचे 10 ते 14 दिवस कोरडं खाणं कोमट पाण्यात पूर्ण भिजवूनच द्या. हाडं, चघळायच्या काड्या, दोरी ओढण्याचे खेळ बंद. टाके आपोआप विरघळतात, पण ओढ बसली तर हिरडी उसवते आणि दाताच्या जागेचा खड्डा उघडा पडतो. पंजाने तोंड खाजवत असेल तर गळ्यात शंकूच्या आकाराची संरक्षक कॉलर घालाच. तेवढे दिवस ब्रशही नको.

वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच, शक्यतो खाण्याबरोबर. माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, जिवावर बेततं.

लाळेत गुलाबी छटा एक-दोन दिवस दिसते, घाबरू नका. पण लालभडक रक्त थांबत नसेल, डोळ्याखाली सूज वाढत असेल, दुर्गंधी येत असेल किंवा 24 तास काहीच खाल्लं नसेल तर लगेच दवाखाना गाठा. जबडा वाकडा दिसला तरीही. छोट्या जातींचा खालचा जबडा नाजूक असतो, त्याला तडा जाऊ शकतो.