फोटो कुणाचा, आवाज कुणाचा: संस्थेत मीडियाचं काम करताना

एमएसडब्ल्यू करून मी नवी पेठेतल्या एका छोट्या संस्थेत रुजू झाले, तेव्हा 'मीडियाचं काम' म्हणजे फेसबुक पेज, व्हॉट्सॲपचे ग्रुप आणि वार्षिक अहवाल, एवढंच मला सांगितलं होतं. तिसऱ्याच महिन्यात एका छायाचित्रकाराची मेल आली. आमच्या पोस्टरवरचा फोटो त्यांचा होता आणि मी तो गूगलवरून उचलला होता. 'आपण यातून कुठे पैसे कमावतोय?' असं मला तेव्हा मनापासून वाटलं. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सामाजिक संस्थांना सरसकट माफी नाही. कलम ५२मध्ये अपवाद दिले आहेत आणि आपलं काम त्यातल्या एखाद्यात नेमकं बसतं का, ते पाहावं लागतं. माझं बसत नव्हतं. पोस्टर उतरवलं, माफी मागितली.

तेव्हापासून कुठलीही फाइल आली की मी आधी विचारते, ही कुणी केली? पगारी कार्यकर्त्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर संस्थेचा, वेगळा करार नसेल तर. पैसे देऊन काढून घेतलेला फोटोही सहसा संस्थेचा. पण हौसेने, मोफत फोटो काढणाऱ्या स्वयंसेवकाचे फोटो त्याचेच राहतात. पुस्तिकेचा मजकूर बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेतला आणि बिल चुकतं केलं, तरी हक्क आपोआप आपल्याकडे येत नाहीत. ते लेखी घ्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वेबसाइट जगभर दिसते, म्हणून या दोन ओळी विसरू नका. हक्क दिल्यावरही 'हे माझं काम' म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत असतो. नाव छापाच.

माझ्या सगळ्यात जवळचं काम अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्याचं. सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षिका, इंजिनिअरिंगची मुलं, सगळे येऊन वाचतात. २०१२च्या दुरुस्तीने अशा कामाला कायद्यात जागा मिळाली. अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही. पुढे याच विषयावरचा मराकेश करार मान्य करणारा भारत हा पहिला देश ठरला, २०१४मध्ये. मला याचा फार अभिमान वाटतो. पण अट आहे: नफा घ्यायचा नाही, आणि ती प्रत ज्यांच्यासाठी केली त्यांच्यापर्यंतच राहील याची काळजी संस्थेने घ्यायची. आमच्या एका उत्साही मुलाने अख्खं पुस्तक यूट्यूबवर सर्वांसाठी टाकलं. हेतू चांगलाच होता, पण तिथे ती सूट संपली. त्याच संध्याकाळी काढायला लावलं. आता रेकॉर्डिंग नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांनाच मिळतं आणि वाचणाऱ्यांना पहिल्या दिवशीच हे समजावतो.

खुलं साहित्य हवं असेल तर लेखकाच्या निधनाचं वर्ष बघा. त्यानंतरची साठ कॅलेंडर वर्षं पूर्ण झाली की लेखन कॉपीराइटमधून मुक्त होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११पासून मुक्त. पु. ल. २००० साली गेले, त्यांना अजून बराच अवकाश आहे. आणि गुरुजींची प्रार्थना मुक्त असली, तरी अलीकडे कुणी गायलेली तिची ध्वनिफीत मुक्त नसते. रीलखाली लावायची असेल तर आपल्या मुलांकडून गाऊन घ्या. ऐकायलाही ती जास्त छान वाटते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे काढणाऱ्याने ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेले फोटो वापरताना परवान्याचा प्रकार वाचा आणि श्रेय त्याच पानावर द्या.

कॉपीराइट आपला असला म्हणून फोटो टाकता येतो, असंही नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलांची ओळख पटेल असं काहीही माध्यमांत देण्यास बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. नाव, शाळा, पत्ता, चेहरा, सगळंच आलं. पालकांनी सही दिली म्हणून ही मनाई उठत नाही.

मोठ्यांच्या बाबतीतही सहीवर विसंबू नका. पर्वतीच्या वस्तीतल्या एका मावशींनी आमच्या संमतीपत्रावर अंगठा दिला होता. वर्षभराने देणगीच्या आवाहनाच्या फ्लेक्सवर त्यांनी स्वतःला पाहिलं आणि घरी येऊन मला विचारलं, "ताई, मी भीक मागतेय असं का लावलंत?" कागद आमच्या बाजूने होता. मला उत्तर देता आलं नाही. फ्लेक्स उतरवला.

आता संमतीपत्र मराठीत, मोठ्याने वाचून दाखवतो. वेबसाइट, अहवाल, फ्लेक्स, देणगीचं आवाहन, प्रत्येकाला वेगळी खूण करायची, आणि नको वाटलं तर कुणाला फोन करायचा तो नंबर खाली. तयार झालेलं चित्र आधी त्यांना दाखवायचं. छापलेला अहवाल परत घेता येत नाही, म्हणून त्याबद्दल दोनदा विचारतो. त्याच मावशींनी यंदा अहवालासाठी होकार दिला, फोटो मात्र स्वतः निवडला: शिवणयंत्रावर बसलेला.