हुकअपशिवाय कॅम्पिंग: ट्रेलरच्या बॅटरीच्या बाबतीत या चुका टाळा

थंडी सुरू झाली की अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात राहायच्या ट्रेलरांची रीघ लागते. क्वार्ट्झसाइटच्या आसपास बीएलएम या सरकारी जमीन खात्याच्या जमिनीवर मोकळी जागा भरपूर, पण हुकअप, म्हणजे पाणी-विजेची जोडणी, नाही: ना नळ, ना विजेचा खांब. हल्ली आपली मराठी मंडळीही तिथे बरीच दिसतात आणि दर वर्षी नव्याने आलेल्यांची बॅटरी पहिल्या-दुसऱ्या रात्रीतच मान टाकते. कारणं तीच तीच. लोक आधी खरेदी करतात आणि हिशेब नंतर मांडतात. मोठा इन्व्हर्टर आलेला असतो, छतावर सोलर पॅनेल चढलेलं असतं; पण आपल्या ट्रेलरला चोवीस तासांत किती अँप-अवर (एक अँप करंट तासभर, म्हणजे एक अँप-अवर) लागतात हे विचारलं की नवरा-बायको एकमेकांकडे बघतात.

भिंतीवरच्या चार दिव्यांवर विसंबणं

दाराजवळचं बटण दाबलं की चार बारके दिवे लागतात. चारही लागले म्हणजे बॅटरी भरली, असं सगळे धरून चालतात. ते दिवे फक्त त्या क्षणाचा व्होल्टेज दाखवतात. पॅनेलवर ऊन असेल किंवा जनरेटर चालू असेल, तर तिथे १३ व्होल्टच्या वरच आकडा असतो आणि अर्धी रिकामी बॅटरीसुद्धा चार दिवे लावते.

एका डिसेंबरात आमच्या शेजारी फीनिक्सहून एक तरुण जोडपं येऊन थांबलं. सोबत लहान मुलगी. दुपारी चारच्या सुमारास मी बॅटरीची चौकशी केली. “काका, फुल आहे, चारही दिवे लागलेत.” छतावर अजून ऊन होतं. मी म्हटलं, ऊन उतरल्यावर पुन्हा बघा. ते राहून गेलं. रात्री टीव्ही झाला, टॅबलेट चार्जिंगला लागले, फर्नेस (ट्रेलर गरम ठेवणारी गॅसची शेगडी) लावून सगळे झोपले. फर्नेस प्रोपेनवर चालतो, मग बॅटरीचा काय संबंध, असा त्यांचा समज.

पहाटे तीनला आमचं दार वाजलं. बाहेर पाणी गोठेल इतकी थंडी आणि त्यांचा फर्नेस नुसताच टिकटिक करत होता. मी बॅटरीला मल्टिमीटर लावला: ११.४ व्होल्ट. फर्नेसचा पंखा ८ अँपच्या आसपास ओढतो. रात्रीच्या दहा तासांत तो निम्मा वेळ जरी फिरला, तरी ४० अँप-अवर गेले. त्यांची ग्रुप २४ आकाराची एकच लेड-ॲसिड बॅटरी, ७५ अँप-अवरची, आणि त्यातली निम्मीच वापरायची असते. म्हणजे सगळी शिल्लक एकट्या पंख्यानेच खाल्ली. व्होल्टेज पडला की पंखा मंदावतो, त्याच्या वाऱ्याने दाबला जाणारा ‘सेल’ (शिडासारखा) स्विच दाबला जात नाही, आणि तो दाबला गेल्याशिवाय गॅस सुटत नाही. टाकी भरलेली आणि ट्रेलर गार. मुलीला आमच्याकडे आणून झोपवलं. एवढ्याशा पोरीला हा त्रास फक्त न मोजल्यामुळे झाला, म्हणून हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगतो.

मी सकाळी उठल्या उठल्या, पॅनेलवर ऊन पडायच्या आत, पंप-दिवे-फर्नेस बंद करून थोडा वेळ जाऊ देतो आणि थेट टर्मिनलवर मल्टिमीटर लावतो. लेड-ॲसिडला १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.१ म्हणजे निम्मी. त्याखाली रोज जाऊ दिलीत तर ती बॅटरी फार दिवस साथ देणार नाही. याहून चांगला उपाय म्हणजे शंट (बॅटरीच्या वायरीत बसणारा करंट मोजणारा तुकडा) असलेला बॅटरी मॉनिटर. तो आलेले-गेलेले अँप मोजतो. माझं मत विचाराल तर पॅनेलच्याही आधी हा घ्या.

संध्याकाळी तासभर जनरेटर

सूर्य मावळतीला आला की कोणीतरी जनरेटर सुरू करतं, तासाभराने बंद करतं आणि बॅटरी भरली म्हणून निर्धास्त होतं. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते. पुढे ती करंट कमी कमी घेत जाते आणि उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. तिथे घाई चालत नाही. मोठा जनरेटर आणला तरी बॅटरी आपल्याच गतीने घेणार. ते शेवटचे २० टक्के रोज अर्धवट राहिले की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरीची ताकद कायमची घटते.

म्हणून जनरेटर सकाळी लावा. बॅटरी तेव्हा सगळ्यांत रिकामी असते, घेते भरपूर, आणि पुढचं सावकाश काम दिवसभर सोलरकडून होतं. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये जनरेटरच्या वेळाच ठरलेल्या आहेत: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७. मी नेहमी पहिली वेळ घेतो. संध्याकाळी लोक शांततेसाठी बाहेर बसलेले असतात, त्यांचाही विचार हवा.

यातच आणखी एक चूक दडलेली असते. जनरेटरवर १२ व्होल्टचं सॉकेट दिसतं, म्हणून वायर थेट बॅटरीला लावतात. लहान जनरेटरवर तिथून साधारण ८ अँप मिळतात आणि ते सॉकेट बॅटरी भरत आल्याचं ओळखून आवरतं घेत नाही. ट्रेलरची जाड केबल जनरेटरच्या नेहमीच्या सॉकेटला लावा. ट्रेलरच्या आतला ४५-५५ अँपचा कन्व्हर्टर, म्हणजे त्या विजेवर बॅटरी भरणारं यंत्र, त्याच कामासाठी आहे. आणि जनरेटर खिडकीपासून लांब ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाकीच्या चुका

गाडीने ट्रेलर ओढताना बॅटरी भरेल, ही आशा सोडा. गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधली चार्जिंगची वायर बारीक आणि लांब असते. फीनिक्स ते क्वार्ट्झसाइट या दोन तासांत १०-१५ अँप-अवर पडले तरी खूप. गॅसवर आणि बॅटरीवर चालणारा फ्रिज डीसीवर (बॅटरीवर) ठेवून निघालात तर येणारं सगळं तोच गिळतो. खरंच गाडीवर भरायची असेल तर जाड वायर आणि डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी नीट भरणारा) बसवून घ्या.

डिसेंबरात या भागात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ३३ अंशांच्या आसपासच असतो. छतावर आडवं पडलेलं १०० वॉटचं पॅनेल दिवसाकाठी १५-२० अँप-अवर देतं, आणि झाडाची एक फांदी त्यावर आली तर तेही नाही. मी सुटं पॅनेल जमिनीवर दक्षिणेकडे तोंड करून चांगलं उभं लावतो. दीडपटीहून जास्त मिळतं.

इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह किंवा इन्डक्शन नको. १,५०० वॉट म्हणजे बॅटरीतून १२५ अँपच्या वर. गॅस आहे, साधा कुकर न्या, वरण-भात छान होतो. मिक्सर मिनिटभर चालेल. वाटण घरूनच आणलं तर उत्तम.

इन्व्हर्टर वापरात नसताना बंद करा. तो नुसता चालू असला तरी खातो.

पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी.

वायरच्या रंगावर जाऊ नका. गाडीत काळी वायर निगेटिव्ह असते. ट्रेलरच्या १२ व्होल्ट वायरिंगमध्ये बहुधा काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. बॅटरी काढताना फोटो घ्या आणि पॉझिटिव्हला लाल टेप गुंडाळा. उलटी लागली तर ठिणगी उडते आणि कन्व्हर्टरमधले रिव्हर्स पोलॅरिटी फ्यूज जातात. तेवढ्यावर निभावलं तर नशीब. ते फ्यूज जवळ जादा ठेवा.

रिकामी बॅटरी घेऊन रस्त्यावर निघू नका. ट्रेलर हिचवरून (गाडीच्या मागच्या जोडणीवरून) सुटला तर ब्रेकअवे स्विच त्याचे ब्रेक लावतो, आणि ते ब्रेक ट्रेलरच्याच बॅटरीवर चालतात. ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो सक्तीचा आहे. बॅटरी मेलेली असेल तर स्विच असून उपयोग नाही. मागून येणाऱ्या गाडीत कोणाचं तरी कुटुंब असतं. ट्रेलर जोडून, सात पिनांचा प्लग काढून, ब्रेकअवे स्विचची पिन ओढून बघा. चाकं जाम झाली पाहिजेत. नंतर पिन लगेच परत बसवा.

लिथियम बॅटरी घेतलीत तर नुसती अदलाबदल करू नका. जुना कन्व्हर्टर १३.६ व्होल्टवरच थांबत असेल तर ती पूर्ण भरायला फार वेळ लागतो, लिथियमला १४.२ ते १४.६ लागतात. ३२ फॅरनहाइटच्या (शून्य सेल्सिअसच्या) खाली ती चार्ज करायची नसते, त्यामुळे थंडीत कॅम्पिंग करणार असाल तर आत हीटर असलेली घ्या किंवा ट्रेलरच्या आत ठेवा. आणि तिचा व्होल्टेज रिकामी होत येईपर्यंत जवळपास तसाच राहतो, म्हणून तिच्यासोबत शंट हवाच.