आठवड्याला २४० किलोमीटर? हसण्याआधी आणि भुलण्याआधी या चुका टाळा

रविवारी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पळून झालं की चहाच्या गाड्यावर आकडे निघतात. मध्यंतरी एकाने मोबाइल पुढे केला: आठवड्याचे २४० किलोमीटर. निम्मे फिदीफिदी हसले, निम्म्यांनी सोमवारपासून दुप्पट पळायचं ठरवलं. दोघांचंही चुकलं.

किलोमीटर बघू नका, तास मोजा. किलोमीटरला साडेसहा मिनिटं धरली तर २४० किलोमीटरला २६ तास होतात, रोजचे पावणेचार. नऊला दुकानाचं शटर वर करणाऱ्याने पहाटे चारला घर सोडायला हवं, सातही दिवस, जुलैच्या झडीतसुद्धा. अव्वल मॅरेथॉनपटू आठवड्याला २०० किलोमीटरच्या आसपास पळतात खरे, पण त्यांचा सावकाश पेसही (एका किलोमीटरला लागणारा वेळ) चार-साडेचार मिनिटांचा. त्यांचं काम पंधरा तासांत उरकतं. आपण त्यांचा आकडा उचलतो आणि तास विसरतो.

म्हणून सरसकट 'थापा मारतोय' असंही म्हणू नका. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एकाच ब्लॉकभोवती ३१०० मैलांची शर्यत होते. ५२ दिवसांची मुदत, म्हणजे रोज साधारण ९६ किलोमीटर! ती पुरी करणारी माणसं आहेत. फक्त ती सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत रस्त्यावरच असतात, दुसरा धंदा नाही.

घड्याळावर आंधळा विश्वास ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती माझ्याच हातून झाली. राजहंसगडावरून परतताना स्कूटरवर बसलो, घड्याळ बंद करायचं राहिलं. घरी पाहतो तर शेवटचे नऊ किलोमीटर दोन-दोन मिनिटांचे. २०२३ साली शिकागोत केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन मारली, तिचा पेस २ मिनिटं ५१ सेकंद होता! मी तर दम न लागता त्याला मागे टाकलं. संशय आला तर पेससोबत पावलांचा आकडा बघा. पळताना मिनिटाला दीडशेच्या वर पावलं पडतात. स्कूटरवर पडत नाहीत. हृदयाचे ठोकेही बघा, पण मनगटावरचं मोजमाप कधीकधी फसतं, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. गर्द झाडीत जीपीएस वाकडंतिकडं जातं आणि अंतर फुगतं. ट्रेडमिलवर तर घड्याळ अंदाजच बांधतं.

आणि कुणाचा आकडा बघून एकदम दुप्पट पळू नका. आधी नडगी बोलते, मग गुडघा. भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी आपल्या गावांतली पोरंही यात फसतात. त्यांना अंतरापेक्षा वेग हवा असतो.

त्या २४० वाल्याला शेवटी मी एवढंच विचारलं, 'उठतोस किती वाजता?' म्हणाला, साडेपाचला. मग त्याचा मोबाइल घेऊन बसलो. घड्याळाची नोंद आपोआप अॅपमध्ये जात होती, आणि खिशातला फोनही तीच धाव वेगळी मोजत होता. प्रत्येक पळणं दोनदा. उरले १२०, आणि त्यातही दोन दिवस चालण्याचे निघाले. चहाचे पैसे त्यानेच दिले.