लाल कोळी ओळखताना रंगावर विसंबू नका

हवा तापून कोरडी होऊ लागली की पानांच्या खालच्या बाजूस कोळी ही सूक्ष्म कीड (इंग्रजीत माइट) झपाट्याने वाढते, आणि भिंगातून लाल रंग दिसला की बहुतेक जण तिथेच निदान उरकतात. टेट्रानिकस या कोळी किडीच्या वंशात हा निकष फसवा आहे. दोन ठिपक्यांची कोळी, म्हणजे टेट्रानिकस अर्टिसी, हिरवट आणि लाल अशा दोन्ही रूपांत आढळते. शिवाय हिरवट माद्याही सुप्तावस्थेत जाताना नारिंगी होतात आणि त्यांचे ठिपके नाहीसे होतात.

प्रजातीचा भरवशाचा पुरावा नराच्या जननांगाच्या टोकाशी असलेल्या गाठीत मिळतो. अर्टिसीमध्ये ही गाठ लहान असून तिला पुढे व मागे टोकदार कोपरे असतात, तर टेट्रानिकस निओकॅलेडोनिकसमध्ये ती मोठी व वर गोलसर असते. हा फरक फक्त बाजूने पाहिल्यावर दिसतो. त्यामुळे स्लाईडवर नर कुशीवरच बसवावा लागतो, आणि तो जरा कलला तरी गाठीचा आकार वेगळा भासून निदान चुकते. मादीत पहिल्या पायाच्या शेवटच्या खंडावरील केसांची मांडणी पाहतात. अर्टिसीत चार साधे केस जोडकेसांच्या (एकमेकांना लागून उगवणाऱ्या केसांच्या जोडीच्या) मागे, बुडख्याकडे असतात. टोमॅटोवर येणाऱ्या टेट्रानिकस इव्हान्सीत ते जवळपास जोडकेसांच्याच रेषेत येतात. हे काम सूक्ष्मदर्शकाचे आहे, शेतातल्या दहापट भिंगाचे नव्हे.

एवढा खटाटोप व्यर्थ नाही. अर्टिसीवर उत्तम काम करणारी फायटोसेयुलस पर्सिमिलिस ही भक्षक कोळी इव्हान्सीवर नीट वाढत नाही, त्यामुळे प्रजाती चुकली तर भक्षक सोडण्याचा सगळा खर्च वाया जातो.

म्हणून फवारणीपूर्वीच नमुना घ्यावा आणि त्यात नर आवर्जून असावेत. नर मादीपेक्षा लहान, सडपातळ आणि मागे निमुळता असतो. शेवटची कात टाकण्यापूर्वी निश्चल बसलेल्या मादीपाशी तो राखण करत थांबतो, तेव्हा भिंगाने त्याला तिथेच शोधावे. ओल्या बारीक कुंचल्याने नर व माद्या उचलून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात आणि कुपीवर पीक, ठिकाण व तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये पसरते. निदान येईपर्यंत सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक फवारू नये. त्याने भक्षक मरतात आणि कोळी उलट वाढते.