भाड्याचं घर घेण्याआधी बाथरूमचा दिवा कसा तपासावा?

भाड्याचं घर बघायला गेलं की आपण बाथरूममध्ये डोकावतो ते नळाला पाणी किती जोरात येतं हे बघायला. फार तर फ्लश ओढतो. दिवा लागला ना, मग झालं. ठाणे आणि नवी मुंबई मिळून चार घरं बदलल्यावर मी मात्र आता आधी मान वर करते, नळ नंतर सोडते.

याला कारण नेरूळचं घर. सिडकोची जुनी इमारत, हवेशीर फ्लॅट, भाडंही आवाक्यातलं. बाथरूमचं बटण बंद केलं तरी रात्री एलईडी बल्ब मिणमिणत राहायचा, देवघरातल्या विझत आलेल्या वातीएवढा. "एलईडी असंच करतात," म्हणून घरमालक काकांनी विषय मिटवला. पुढे वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा कळलं की बटणाने फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) तुटत होता. म्हणजे दिवा बंद, पण होल्डरमध्ये 230 व्होल्ट हजर. महिनाभर मी बटण बंद करून, ओल्या फडक्याने तोच होल्डर पुसत होते!

मिणमिणणाऱ्या प्रत्येक दिव्यात हाच दोष असतो असं नाही. बटणातला छोटा इंडिकेटर किंवा लांबपर्यंत शेजारून गेलेल्या वायरींमुळेही तसं होतं. पण कारण कळेपर्यंत त्या दिव्याला हात लावू नये.

घर बघायला शक्यतो सकाळी आठ-नऊला जा, म्हणजे वरच्या मजल्यावर आंघोळी चालू असतात. गळती असेल तर तेव्हाच दिसते. जून ते सप्टेंबरमध्ये घर शोधत असाल तर पावसाने तुमचं निम्मं काम केलेलंच असतं. बंद फ्लॅटचा मेन स्विच बहुधा पाडलेला असतो. तो आधी चालू करायला सांगा. वीज नसताना केलेली पाहणी फुकट.

आता दारात उभं राहून, हात मागे बांधून, फक्त बघा. फिटिंगभोवती छतावर पिवळट डाग आहे का? स्क्रूंना गंज? काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या घुमटात मेलेले किडे असले तर असू देत, पण पाणी सुकल्याची पांढरी रेघ दिसली तर आत पाणी जातंय. बॅटन होल्डरला (भिंतीवर किंवा छतावर बसवलेल्या बल्बच्या होल्डरला) तडा, उघडी वायर, काळ्या टेपने गुंडाळलेला जॉइंट, यातलं काहीही दिसलं तर ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढचं बोलणं नको.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये वेगळीच गंमत असते. छताला पीव्हीसी पॅनल, त्यात गोल एलईडी, सगळं चकाचक. पण पॅनलच्या वर अनेकदा वरच्या फ्लॅटचे सांडपाण्याचे पाइप असतात, आणि दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला लागेल तशी वीज देणारी डबी) व वायरींचे जॉइंट त्यांच्या खाली, पॅनलवर नुसते टाकलेले. मेन बंद करून एक पॅनल सरकवायला सांगा आणि मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. जॉइंट बंद डबीत हवेत, पाइपच्या सांध्याखाली नकोत. एजंट तोंड वाकडं करतो, करू दे.

मग अंतर. आंतरराष्ट्रीय आयईसी 60364 मानकानुसार, शॉवर ट्रे नसलेल्या बाथरूममध्ये भिंतीवरच्या शॉवरपासून आडवं 1.2 मीटर आणि जमिनीपासून 2.25 मीटर उंचीपर्यंतचा भाग पाणी उडण्याचा धरतात. आपल्याकडच्या लहान बाथरूममध्ये हे माप जवळजवळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातं. तिथे सॉकेट किंवा साधं बटण नको, आणि दिव्यावर किमान आयपीएक्स4 किंवा आयपी44 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आकडा) लिहिलेलं हवं. यातला शेवटचा 4 म्हणजे कुठल्याही बाजूने शिंतोडे उडाले तरी चालतील. 5 असेल तर पाण्याची धारही. दिव्याचं बटण दाराबाहेर असलेलं उत्तम, मग भावंडं आतल्याचा दिवा घालवून पळाली तरी बेहत्तर.

आता मीटरपासून आलेली लाइन ज्या डीबीत (घरातल्या खटक्यांच्या पेटीत) शिरते तिथे या. एमसीबी (आपोआप पडणारी बटणं) बहुधा असतातच, पण त्या जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी. माणसाला शॉक बसताना त्या पडतीलच असं नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ज्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. ओळख सोपी: त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. शेजारी 30 मिलीअँपिअर (किंवा 0.03 अँपिअर) छापलेलं आहे ना बघा. घरात कोणी लॅपटॉप-संगणकावर नाही याची खात्री करून ते बटण दाबा. खटका तत्क्षणी पडला पाहिजे. पडला नाही तर तो बदलावाच लागेल. मात्र पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका, हे बटण फक्त यंत्राची परीक्षा घेतं.

उरलेलं काम परवानाधारक वायरमनचं. त्याला तीन गोष्टी सांगा: बटणाने फेजच तुटतो का, धातूच्या फिटिंगला हिरवी अर्थ वायर खरोखर जोडलेली आहे का, आणि दिवे काढून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वायरींचं इन्सुलेशन किती येतं. 1 मेगाओमच्या खाली आलं तर ओल कुठेतरी वायरीपर्यंत पोचली असेल किंवा इन्सुलेशन खराब झालं असेल. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायला लावा. मेन पाडल्यावरही बाथरूमचा दिवा इन्व्हर्टरवर चालूच राहिलेला मी पाहिलाय, आणि वायरमनदादा तेव्हा शिडीवर होते.

उजेड पुरतो का, हे दार लावून, पाठीमागे सावली कुठे पडते ते बघून ठरवा. घरात वयस्क माणूस असेल तर कमोडजवळचा कोपरा अंधारा नको.

सापडलेल्या प्रत्येक दोषाचा फोटो काढून घरमालकांना पाठवा आणि दुरुस्ती कोण, कधीपर्यंत करणार हे लिव्ह अँड लायसन्स करारात घालून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे एक ओळ वाढवायला वेगळा कागद लागत नाही. डिपॉझिट देण्याआधी हे बोला. नेरूळला मी डिपॉझिट आधी देऊन बसले होते, म्हणून वायरमनचे पैसेही मलाच द्यावे लागले. काम वीस मिनिटांचं होतं: बोर्डातल्या दोन वायरी अदलाबदल.