सासूबाईंना झोप न येऊ देणारा सिनेमा कसा शोधावा

आमच्या घरी सिनेमा पास की नापास हे दोघी ठरवतात. सासूबाईंचा डोळा लागला की नापास, लेकीने मोबाइल उचलला की नापास. गाजलेले सिनेमे लेकीने मैत्रिणींबरोबर आधीच पाहिलेले असतात. आणि महोत्सवांतल्या सिनेमात माणूस पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसला की इकडे घोरणं सुरू. मधला हवा. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर तो मिळत नाही, तिथे फिरून फिरून तीच दहा पोस्टरं.

म्हणून मी याद्या बघत नाही, माग काढते. आवडलेल्या एका सिनेमाचं शेपूट धरायचं आणि मागे मागे जायचं.

२०२४ मध्ये लेक 'मुंज्या' बघून आली आणि दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. मग पहिला प्रश्न: याने आधी काय काय केलंय? विकिपीडियावरची यादी जुन्याकडून वाचायची. २०१३ चा 'नारबाची वाडी' हाती लागला. कोकणातला म्हातारा नारबा, त्याच्या वाडीवर खोताचा डोळा. सौदा ठरतो: म्हातारा जिवंत असेतो खोताने दरमहा पैसे द्यायचे, मेल्यावर वाडी खोताची. आणि पैसे सुरू झाल्यावर म्हातारा उलट टुणटुणीत! दिलीप प्रभावळकर नारबा, मनोज जोशी खोत. आमच्या सासूबाई कुडाळच्या. "हो काय मरना नाय!" म्हणत उठून ताठ बसल्या. पास.

दुसरा प्रश्न: गोष्ट मुळात कुणाची? ही मनोज मित्र यांच्या 'साजानो बागान' या बंगाली नाटकाची. त्यावर तपन सिन्हांनी १९८० मध्ये 'बांछारामेर बागान' काढला, त्यात म्हातारा झालेत स्वतः नाटककार. म्हणजे एक शेपूट धरलं तर हाती दोन सिनेमे आणि एक नवा दिग्दर्शक. सत्यजित राय, ऋत्विक घटक या बंगाली दिग्दर्शकांची नावं आपल्याला पाठ. तपन सिन्हांचं कुणी घेत नाही, आणि घरच्यांबरोबर बसून बघण्याजोगं काम त्यांचंच! त्यांच्या 'गल्प होलेओ सत्यि'मध्ये (१९६६) भांडकुदळ घरात एक स्वयंपाकी येतो. ओळखीचं वाटतंय ना? 'बावर्ची' (१९७२) त्याच्यावरूनच. सासूबाईंना सबटायटलं वाचवत नाहीत, पण 'बावर्ची' पाहिलेला असल्यामुळे कुठेच अडलं नाही. घरात चष्म्याची तक्रार असेल तर ओळखीच्या गोष्टीचं मूळ लावावं, हा माझा शोध.

परभाषेतला सिनेमा यूट्यूबवर शोधताना नाव त्याच भाषेच्या लिपीत टाका. विकिपीडियावरून उचलून चिकटवलं की झालं. आपल्या स्पेलिंगने नुसते तुकडे येतात. लांबीची चाळणी (फिल्टर) लावा. आणि सगळे बसण्याआधी मधे कुठेतरी जाऊन चित्र-आवाज तपासा, शेवटही बघून घ्या. मी एकदा नाही बघितला. पाऊण तासाने सिनेमा पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला, आणि सासूबाई म्हणाल्या, "हे मघाशी झालं ना गं?" अ‍ॅपवर भाड्याने मिळत असेल तर सरळ पैसे भरावेत, डोक्याला ताप नाही.

परीक्षणं वाचायचीच तर तीन ताऱ्यांची वाचा. "संथ पण तरल" दिसलं की पुढे चला. "उत्तरार्ध ताणलाय, पण हसलो" असं कुणी कुरकुरत लिहिलं असेल तर तो लावा.

आता लेकीने त्या स्वयंपाक्याचं, म्हणजे रबी घोष या नटाचं शेपूट धरलंय. पोचली ती १९६९ च्या 'गुपी गाइन बाघा बाइन'पाशी. दिग्दर्शक सत्यजित राय! म्हणजे फिरून महोत्सववाल्यांच्याच दारात. पण त्यात भुतांचा नाच आहे, म्हणून येत्या शनिवारी तोच. दिग्दर्शकाचं नाव सासूबाईंना सांगायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलंय.