डब्ल्यूगेटने फाइली डाउनलोड करताना या चुका टाळा

कमांड चालली, शेवटी फाइल सेव्ह झाल्याची ओळ आली, नावही बरोबर दिसतंय. पण उघडायला गेलं की पीडीएफ वाचक सांगतो, फाइल खराब आहे. डब्ल्यूगेट (wget) किंवा कर्ल (curl) ही कमांड टाइप करून फाइली उतरवणारी साधनं नव्याने वापरणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा हीच असते. गोव्यात जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन, सरकारी राजपत्राचे अंक किंवा भजनांची ध्वनिमुद्रणं जमवणाऱ्यांनी ही साधनं शिकावीत असं मला मनापासून वाटतं, कारण शेकडो फाइली एकेक क्लिक करून उतरवण्यात माणूस थकतो आणि काम अर्धवट राहतं. मात्र सर्व्हरने जे दिलं ते ही साधनं मुकाट्याने साठवतात. आलेली वस्तू आपल्याला हवी तीच आहे का, हे आपणच पाहायचं असतं.

खाली ऑप्शन, म्हणजे कमांडला द्यायच्या जादा सूचना, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत; जसं ‘डॅश मोठा एल’ म्हणजे -L. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत टाका आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक काटेकोर पाळा.

पीडीएफच्या नावाने वेबपान

पाचशे पानांचं पुस्तक आणि फाइल जेमतेम काही केबींची, असं दिसलं तर ती पीडीएफ नाही. साइटला लॉगिन हवं होतं, म्हणून तिने लॉगिनचं पान पाठवलं आणि डब्ल्यूगेटने तेच साठवलं. गूगल ड्राइव्हच्या शेअर लिंकचंही असंच होतं. ती लिंक फाइल दाखवणाऱ्या पानाची असते, थेट फाइलची नसते. शिवाय मोठ्या फाइलीआधी ड्राइव्ह व्हायरस तपासणीचं इशारा-पान पुढे करतं.

लिनक्स आणि मॅकवर ‘फाइल’ नावाचीच कमांड आहे. तिच्यापुढे फाइलचं नाव द्या, आत खरं काय आहे ते ती सांगते. एचटीएमएल असं उत्तर आलं तर फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचा, अडचण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असते. ज्या साइटवर फाइलशेजारी शा-२५६ची बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) दिलेली असते, तिथे आपल्या प्रतीची बेरीज काढून चौसष्टही अक्षरं जुळतात का पाहा. मोठ्या आयएसओ (अख्ख्या डिस्कची प्रत असलेल्या) फाइलीसाठी हे टाळू नका.

कर्लची एक वेगळी सवय आहे. फाइलचा वेब पत्ता दुसरीकडे वळवलेला असेल तर डब्ल्यूगेट आपणहून त्या नव्या पत्त्यावर जातो, कर्ल जात नाही. त्याला ‘डॅश मोठा एल’ सांगावा लागतो, नाहीतर हातात रिकामी किंवा दोन ओळींची फाइल येते.

पत्ता अवतरणचिन्हात न घालणं

पत्त्यात & हे चिन्ह असेल आणि तो तसाच चिकटवला, तर शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या चिन्हापाशी कमांड तोडतो आणि पहिला तुकडा पार्श्वभूमीला चालवतो. स्क्रीनवर चौकटी कंसात एक आकडा उमटतो, आणि वर्ष, मालिका, अंक अशा निवडींपैकी फक्त पहिलीच सर्व्हरपर्यंत पोचते. म्हणून पत्ता नेहमी साध्या एकेरी अवतरणचिन्हात घाला.

साधं म्हणजे सरळ. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कमांड कॉपी करताना हे फार नडतं. फोनचा कीबोर्ड सरळ चिन्हं वळणदार करतो, लागोपाठचे दोन डॅश जोडून एक लांब रेघ करतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, शेलला मात्र त्यातलं काहीच कळत नाही. मित्राला कमांड पाठवायची असेल तर टेक्स्ट फाइलमधून पाठवा.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये डब्ल्यूगेट आणि कर्ल ही दोन्ही नावं पॉवरशेलच्याच एका वेगळ्या कमांडला दिलेली टोपणनावं आहेत, त्यामुळे इथले ऑप्शन तिथे चालत नाहीत. विंडोज १०च्या २०१८पासूनच्या आवृत्त्यांत खरा कर्ल असतो. नावापुढे ‘डॉट ईएक्सई’ जोडलं की तोच चालतो.

वीज गेली, आता पुन्हा पहिल्यापासून?

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. सत्तर टक्के उतरलेलं असतं, वीज जाते, राउटर बंद पडतो. वीज आल्यावर तीच कमांड पुन्हा दिली की डब्ल्यूगेट शून्यापासून सुरुवात करतो आणि नव्या फाइलच्या नावामागे ‘डॉट १’ लावतो. डेटा दुप्पट जातो, फोल्डरमध्ये एक अर्धी आणि एक नवी अशा दोन प्रती पडतात.

त्याच फोल्डरमध्ये राहून ‘डॅश लहान सी’ लावला की उरलेला भागच येतो. कर्लमध्ये यासाठी ‘डॅश मोठा सी’, मग जागा सोडून नुसता डॅश. यासाठी सर्व्हरने मधूनच भाग देण्याची सोय ठेवलेली हवी. ती नसेल तर ‘डॅश सी’ लावूनही डब्ल्यूगेट शून्यापासून सुरुवात करतो आणि अर्धी फाइल पुसून तिच्या जागी नवी लिहितो. आणि मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली असेल तर जुन्या धडाला नवी शेपटी जोडली जाते. काही दिवसांनी पुन्हा सुरू केलेल्या फाइलीवर म्हणून विशेष लक्ष ठेवा.

कमांड चालूच असताना संपर्क तुटला तर ‘डॅश सी’ नसतानाही डब्ल्यूगेट स्वतः पुन्हा प्रयत्न करतो, मुळात २० वेळा. पण उत्तर येण्याची वाट तो ९०० सेकंद पाहतो, म्हणजे पंधरा मिनिटं. डोंगराआड मोबाइलची रेंज गेली की तो अडकल्यासारखा वाटतो आणि आपण वैतागून खिडकी बंद करतो. ‘डॅश डॅश टाइमआउट’ला ३० द्या, तो लवकर जागा होईल.

लहान ओ, मोठा ओ

डब्ल्यूगेटमध्ये मोठा ओ फाइलचं नाव ठरवतो. लहान ओ मात्र कामाची नोंद त्या नावाच्या फाइलमध्ये लिहितो. कर्लमध्ये लहान ओ नाव ठरवतो आणि मोठा ओ सर्व्हरवरचं नाव तसंच ठेवतो. दोन्ही साधनं वापरणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते. डब्ल्यूगेटला अनेक पत्ते देऊन मोठा ओ लावला तर सगळ्या फाइली एकाच फाइलमध्ये एकामागोमाग ओतल्या जातात. फोल्डर ठरवायचा असेल तर ‘डॅश मोठा पी’ वापरा.

अख्खी साइट ओढणं

मला सर्वात जास्त खटकणारी चूक ही. ‘डॅश लहान आर’ लावला की डब्ल्यूगेट दुव्यांमागे पाच पातळ्या खोल जातो, वरच्या फोल्डरमध्येही शिरतो. हवे होते एका वर्षाचे अंक, येऊ लागते सगळी साइट. ‘डॅश एनपी’ लावून वर जाणं थांबवा, ‘डॅश मोठा ए’पुढे पीडीएफ लिहून बाकीचं गाळा, आणि ‘डॅश डॅश वेट’ लावून दोन फाइलींमध्ये काही सेकंद थांबा. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहाने यंत्राने पुस्तकं नेणाऱ्यांसाठी स्वतः दिलेल्या कमांडमध्येही दोन सेकंदांची विश्रांती आहे. छोट्या संस्थांचे सर्व्हर तर खूपच अशक्त असतात. तुम्ही घाई केलीत तर त्या वेळी दुसऱ्या कुणाला ते पान उघडत नाही.

उत्तरात ४२९ आकडा आला तर सर्व्हर हळू जा म्हणतोय. ऐकलं नाही तर तो तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता (आयपी) अडवतो, आणि वसतिगृहात किंवा वाचनालयात सगळ्यांचा बाहेरचा पत्ता एकच असल्यामुळे सगळेच अडतात. यंत्रांनी साइटवर कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमधली मनाई डब्ल्यूगेट मुळात पाळतो, ती बंद करू नका. सामायिक जोडणीवर ‘डॅश डॅश लिमिट-रेट’ला ‘२००के’ द्या, म्हणजे सेकंदाला दोनशे किलोबाइट. शेजारी बसलेल्याचं काम चालू राहतं.

प्रमाणपत्राची तक्रार दाबून टाकणं

साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र चुकीचं असल्याचा संदेश आला की तपासणीच बंद करणारा ऑप्शन लावा, असा सल्ला सर्रास मिळतो. आधी संगणकाची तारीख पाहा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि प्रत्येक प्रमाणपत्र अवैध ठरतं. तारीख बरोबर असेल तर मूळ प्रमाणपत्रांचं पॅकेज अद्ययावत करा. साइटना मोफत प्रमाणपत्रं देणारं लेट्स एन्क्रिप्ट ज्यावर विसंबून होतं ते एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ला संपलं, तेव्हापासून अद्ययावत न केलेल्या जुन्या यंत्रांवर ही तक्रार येऊ शकते.

देवनागरी नावांची मोडतोड

लिनक्सवर डब्ल्यूगेट १२८ ते १५९ क्रमांकांचे बाइट नियंत्रणचिन्हं समजून टक्क्याच्या खुणेत बदलतो. आपल्या लिपीतले अ ते ट आणि दीर्घ ई, उकार, एकार, ओकार, हलन्त यांचा तिसरा बाइट नेमका त्याच टप्प्यात पडतो. ठ ते ह, काना आणि ऱ्हस्व इकार वाचतात. म्हणून मराठी विकिपीडियावरून उतरवलेल्या पानाचं नाव अर्धं शाबूत, अर्धं मोडलेलं दिसतं. ‘डॅश डॅश रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स’ला ‘नोकंट्रोल’ द्या, नावं जशीच्या तशी येतात. फार लांब नावं मात्र तरीही अडतील: लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. अशा फाइलींना मोठ्या ओने आखूड नाव द्यावं.